पहिली लिव्हअबोर्ड सफर कुठे करावी, आणि कोकोसला कधी जावं

प्रश्न थोडक्यात असा: ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स झाला आहे, वीसेक डायव्ह झाल्या आहेत, सगळ्या शांत पाण्यात आणि किनाऱ्यालगत. कोकोस बेटाजवळचे हॅमरहेड शार्क पाहायची फार इच्छा आहे आणि दहा दिवसांच्या डायव्हिंग बोटीवर एक जागा रिकामी आहे. घ्यावी का? नाही तर कुठे जावं, आणि बोट कशी पारखावी?

कोकोसची जागा आत्ता घेऊ नका. लिव्हअबोर्ड, म्हणजे बोटीवरच राहून करायची डायव्हिंगची सफर, मात्र जरूर करा, शक्य असेल तर याच वर्षी. बोटीवरच राहणं, बोटीवरच झोपणं आणि उठलं की पाण्यात उतरणं यातून डायव्हर जेवढा पटकन तयार होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही. फक्त पहिली बोट कुठली निवडता यावर सगळं अवलंबून आहे.

अशा सफरीची अवघडता लोक खोलीवर मोजतात. मी ती अंतरावर मोजतो. कोकोस कोस्टा रिकाच्या किनाऱ्यापासून सुमारे ५५० किलोमीटरवर आहे. पुंतारेनासहून निघालेली बोट दीड दिवस चालते तेव्हा बेट दिसतं. बेटावर वनरक्षक सोडले तर वस्ती नाही, विमानाची धावपट्टी नाही. तिथे कुणाला डीकम्प्रेशन सिकनेस झाला, म्हणजे रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाले, तर उपचाराचा रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे रुग्णाला पुन्हा जास्त दाबाखाली ठेवायची बंद खोली, मुख्य भूमीवर असतो. तिथवर पोचेपर्यंत रुग्णाकडे असतो तो बोटीवरचा ऑक्सिजन आणि बोटीवरची माणसं. कोलंबियाच्या माल्पेलोची गत अशीच, मेक्सिकोच्या रेविय्याहिहेदो बेटांचीही अशीच. रिसॉर्टवर कान दुखला तर दुपारी डॉक्टर गाठता येतो. इथे तोच कान तुमची उरलेली सफर खाऊन टाकतो. किनाऱ्याजवळ किरकोळ वाटणारी प्रत्येक गोष्ट अंतराच्या हिशेबात मोठी होत जाते, म्हणून बोट निवडताना मी फोटोतला प्राणी शेवटी बघतो. आधी बघतो की मदत किती तासांवर आहे आणि समुद्र किती जोराचा आहे.

आता तुमच्या वीस डायव्हबद्दल. आकडा कमी आहे हे खरं, पण माझी काळजी वेगळी आहे. त्या सगळ्या शांत पाण्यात झाल्या आहेत. कोकोस, माल्पेलो किंवा इक्वाडोरच्या गालापागोसमधली डार्विन आणि वुल्फ ही बेटं प्रवाहाची आहेत. बेट समुद्राच्या मधोमध उभं असतं, चारी बाजूंनी येणारं पाणी त्याच्या टोकांवर फाटतं, आणि त्या टोकांवरच मोठे मासे जमतात. म्हणजे तुम्हाला जे पाहायचं आहे ते नेमकं सर्वांत अवघड पाण्यात आहे.

प्रवाहाचा हिशेब एकदा आकड्यांत करून बघा. दोन नॉटचा प्रवाह सेकंदाला साधारण एक मीटर नेतो. कोणताही डायव्हर त्याच्याविरुद्ध फार वेळ पोहू शकत नाही. सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधी पाच मीटरच्या आसपास काही मिनिटं थांबणं, आणि वर आल्यावर बोटीची वाट पाहणं धरून पंधरा मिनिटं त्यात गेली, तर तुम्ही सुमारे ९०० मीटर दूर गेलेले असता. उठलेल्या लाटांमध्ये पाण्यावरचं माणसाचं डोकं दुरून तरंगत्या नारळाएवढं दिसतं, आणि डिंगीत, म्हणजे छोट्या होडीत, बसलेल्या खलाश्याची नजर लाटांच्या फार वर नसते. म्हणून पहिल्या सफरीआधी एकच कौशल्य शिकायचं म्हणालात तर मी सरफेस मार्कर बॉय सोडायला शिका म्हणेन. हा हवा भरल्यावर पाण्यावर उभा राहणारा लांबट नारिंगी फुगा असतो आणि त्याला रीळ जोडलेलं असतं.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण कोर्समध्ये ते घाईत उरकलं जातं. साधारण दहा-बारा मीटरवर, वर यायला सुरुवात केली की आधी वर बघा, बोट किंवा दुसरा डायव्हर नाही ना. फुगा उलगडा, पण रीळ हातातच ठेवा. ते बीसीडीला, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जाकिटाला, क्लिपने अडकवायचं नाही, कारण दोरी अडकली तर फुगा तुम्हालाही वर ओढून नेईल. दोरी आपल्या समोर, शरीरापासून लांब. बीसीडीतली थोडी हवा सोडून स्वतःला किंचित जड करून घ्या. मग फुग्याचं तोंड रेग्युलेटरच्या (तोंडात धरलेल्या श्वसनयंत्राच्या) बुडबुड्यांवर धरा आणि नेहमीसारखा एक उच्छ्वास सोडा. काठोकाठ भरायची गरज नाही, वर जाताना दाब कमी होतो तशी आतली हवा आपोआप फुगते. फुगा हातातून सोडा, रीळ बोटांत मोकळं फिरू द्या, आणि या सगळ्या वेळात डोळे खोलीमापकावर ठेवा. शिकताना माणसं हमखास फुग्याकडे बघत बसतात आणि नकळत तीन-चार मीटर वर सरकतात. नंतर दोरी हलकी ताणून धरली की पाण्यावर फुगा ताठ उभा राहतो. दोरी ढिली सोडलीत तर तो आडवा पडतो आणि कुणाला दिसत नाही. फुगा दीड मीटरपेक्षा लांब घ्या. एक मीटरचे छोटे फुगे तलावात ठीक आहेत, महासागराच्या लाटेत ते हरवतात. हे सगळं पाच मीटरवर तरंगत, खोली न बदलता, गप्पा मारल्यासारखं सहज जमलं की तुम्ही प्रवाहाच्या जागांसाठी तयार व्हायला लागलात.

बोटीवरचे लोक फुग्यासोबत शिट्टी, आरसा आणि रात्रीसाठी दिवा जवळ ठेवायला सांगतात. दूरच्या बेटांवर बऱ्याच बोटी प्रत्येकाला जीपीएस असलेलं छोटं संकटसूचक यंत्रही देतात. देत असतील तर ते खिशात ठेवून विसरू नका, पहिल्याच दिवशी उघडून कसं चालू करायचं ते हाताने करून बघा.

मग पहिली सफर कुठे? मला विचाराल तर मालदीवची मधली अटॉल्स, म्हणजे मध्ये शांत पाणी असलेली प्रवाळांची कडी, किंवा थायलंडमधली सिमिलान आणि सुरिन बेटं. दोन्हीकडे समुद्र उबदार, किनारा किंवा वस्तीचं बेट फार लांब नाही, आणि प्रवाह असला तरी दिवस आणि जागा निवडून तो टाळता येतो. सिमिलान राष्ट्रीय उद्यान साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, तेव्हा ते धरून चला. मालदीवमध्ये मोठी बोट राहण्यासाठी असते आणि डायव्हिंगसाठी वेगळी धोणी सोबत चालते. सिलिंडर, कॉम्प्रेसर, ओले सूट सगळं तिच्यावर, त्यामुळे झोपायच्या बोटीवर कॉम्प्रेसरचा खडखडाट नाही. नवख्याला ही मांडणी फार सोयीची पडते. शिवाय तिथे मनोरंजनासाठी केलेल्या डायव्हला ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे, म्हणजे "चला अजून थोडं खाली" हा मोह गाइडच मोडून काढतो.

मालदीवचा एक बारकावा बुकिंगच्या पानावर सहसा नसतो. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वाऱ्यात पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं. त्यामुळे अटॉलच्या कड्यातल्या पूर्वेच्या खाड्यांमध्ये बाहेरचं स्वच्छ पाणी आत शिरतं आणि शार्क तिथे असतात, तर अटॉलमधलं गढूळ, प्लवकाने भरलेलं पाणी पश्चिमेकडून बाहेर पडतं आणि मांटा रे खायला तिकडे जमतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यात हे सगळं उलटतं. चांगला गाइड रोज सकाळी पाण्यात उडी मारून प्रवाह बघतो आणि मगच जागा ठरवतो. पाणी अटॉलच्या आत शिरत असेल तर हात सुटला तरी तुम्ही आतल्या शांत पाण्यात जाता. बाहेर पडत असेल तर खुल्या समुद्रात. पहिल्या सफरीत बाहेर पडणाऱ्या प्रवाहातल्या खाडीत उतरवत असतील तर "मी ही डायव्ह सोडतो" म्हणायला अजिबात संकोच करू नका. आणि तारखा निवडायची मुभा असेल तर उधाण टाळा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास खाड्यांत पाणी धावतं, अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तेच पाणी बरंच नरम असतं.

दुसऱ्या पायरीवर मी इंडोनेशियातलं राजा अम्पात आणि टुबाटाहा ठेवीन. राजा अम्पातला मासे आणि प्रवाळ यांची विविधता अशी आहे की मत्स्यशास्त्रज्ञ जेरी अ‍ॅलन यांनी केप क्री इथे एकाच डायव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या. तिथे ऑक्टोबर ते एप्रिल हा चांगला काळ. टुबाटाहा फिलिपिन्सच्या सुलू समुद्रात, पुएर्तो प्रिन्सेसापासून सुमारे १५० किलोमीटरवर. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच समुद्र शांत असतो, तेवढ्यातच बोटी जातात आणि लिव्हअबोर्डशिवाय तिथे पोचायचा मार्ग नाही. प्रवाळाच्या उभ्या भिंती आहेत, तेव्हा खोलीवर ताबा हवा.

गालापागोसची डार्विन-वुल्फ, कोकोस, माल्पेलो आणि रेविय्याहिहेदो ही त्यानंतर. यांपैकी पहिल्या दोन ठिकाणी जाहिरातीतला प्राणी आणि शांत समुद्र एकाच महिन्यात येत नाहीत. गालापागोसला व्हेल शार्क जून ते नोव्हेंबरमध्ये येतात, त्याच महिन्यांत पाणी सर्वांत थंड असतं, कारण समुद्राखालून येणारा क्रॉमवेल प्रवाह बेटांना आपटून वर चढतो. विषुववृत्तावर आहोत म्हणून तीन मिलिमीटरचा सूट घेऊन जाणारी माणसं दुसऱ्या डायव्हलाच कुडकुडतात. तिथे सात मिलिमीटरचा सूट आणि हूड, म्हणजे डोकं झाकणारी टोपी, लागते. कोकोसला हॅमरहेडचे मोठे थवे पावसाळ्यात, मे ते नोव्हेंबरमध्ये जास्त दिसतात आणि त्याच काळात तो दीड दिवसाचा प्रवास अंगावर येतो. एल निनोच्या वर्षी पाणी तापलं की हॅमरहेड खोल निघून जातात, मग कितीही पैसे मोजले तरी उपयोग होत नाही. रेविय्याहिहेदोला नोव्हेंबर ते मे जातात, महाकाय मांटा रेंसाठी.

कोकोसला हॅमरहेड पाहायचे म्हणजे काय करायचं तेही सांगतो, म्हणजे मी थांबा का म्हणतो ते कळेल. २५-३० मीटरवर ज्वालामुखीच्या खडकांवर सफाईच्या जागा आहेत. तिथे बार्बरफिश नावाचे छोटे पिवळे मासे हॅमरहेडच्या अंगावरचे परजीवी खातात. शार्क निळ्या पाण्यातून एकेक करून खडकाकडे वळतात, वेग कमी करतात, अंग जरा तिरकं करतात, आणि पिवळे मासे त्यांच्याकडे झेपावतात. हा क्षण पाहायला तुम्ही खडकांच्या फटीत, प्रवाहात, हातमोजे घालून घट्ट बसलेले असता. हॅमरहेड बुडबुड्यांना बिचकतात. धापा टाकणारा, हातपाय मारणारा एक डायव्हर सगळ्यांसाठी थवा पळवून लावतो. श्वास रोखणं तर कधीच करायचं नाही, तेव्हा उरतं ते फक्त संथ श्वसन, आणि ते येतं प्रवाहात घाबरायचं थांबल्यावर. स्कॅलप्ड हॅमरहेड आज अति-संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. तो पाहायची संधी मिळते तेव्हा आपण खडकाला चिकटून धडपडत नसावं, डोळे भरून पाहत असावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून थांबा म्हणतो.

आता बोट कशी पारखायची. लोक केबिनचे फोटो, जेवण, डेकवरचा जकुझी बघतात. मी पहिला प्रश्न विचारतो: रात्री सगळे झोपल्यावर जागं कोण असतं?

याला कारण आहे. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांता क्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या 'कन्सेप्शन' या डायव्हिंग बोटीला आग लागली आणि खाली झोपलेले सर्व ३४ जण गेले. वरच्या डेकवर झोपलेले पाच कर्मचारी वाचले. चौकशीत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. रात्री फेऱ्या मारणारा पहारा नव्हता. आणि झोपायच्या जागेतून बाहेर पडायचे दोन्ही मार्ग, जिना आणि आपत्कालीन झडप, वरच्या एकाच दालनात उघडत होते, आणि आग तिथेच होती. ही बोट उष्ण कटिबंधातली नव्हती, पण जगभरच्या लिव्हअबोर्डना तोच धडा लागू आहे. डायव्हिंग बोटीवर रात्री टॉर्च, कॅमेरे, स्ट्रोब (कॅमेऱ्याचे फ्लॅश) यांच्या लिथियम बॅटऱ्यांचा ढीग चार्जिंगला लागलेला असतो. ज्या बोटीवर रात्री चार्जिंगला बंदी आहे, किंवा चार्जिंगची जागा वेगळी आणि नजरेखाली आहे, ती बोट विचार करून चालवली जाते असं समजा.

बोटीवर पाय ठेवल्या दिवशी केबिनमधून दोन्ही दारांपर्यंत स्वतः चालत जा. मग दिवा बंद करून, हाताने चाचपत पुन्हा जा. झडप असेल तर ती उघडायला सांगा. एका बोटीवर मी हे सांगितलं तर झडपेवर गाद्यांचा ढीग ठेवलेला निघाला. तो हलवून घेतला आणि सफरभर तिथे काही ठेवू दिलं नाही. असं सांगताना वाईट दिसेल याची फिकीर करू नका.

बाकी प्रश्न ईमेलनेच विचारा. सगळ्यांना पुरतील एवढे लाइफ राफ्ट आहेत का, सॅटेलाइट फोन आहे का, ऑक्सिजन किती तास पुरेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "भरपूर आहे" असं आलं तर परत विचारा. दीड दिवसाच्या अंतरावरच्या बेटाला जाणाऱ्या बोटीला हा हिशेब तासांत माहीत असायला हवा. डायव्हनंतर सगळे परत आले हे कसं मोजतात तेही विचारा. नाव वाचून प्रत्येकाने स्वतः उत्तर द्यायचं, हीच पद्धत भरवशाची. नुसती डोकी मोजताना गफलत होते.

आता शरीराचं. दिवसाला चार डायव्ह, त्या सलग सात-आठ दिवस, म्हणजे नायट्रोजन पूर्ण बाहेर पडायच्या आतच तुम्ही पुन्हा खाली जाता. खोली, वेळ आणि अंगातल्या नायट्रोजनचा हिशेब ठेवणारा स्वतःचा डायव्ह कॉम्प्युटर हवाच, आणि पूर्ण सफर तोच वापरा. मध्येच दुसऱ्याचा घातला तर त्याला तुमच्या आधीच्या डायव्ह ठाऊक नसतात. नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स बोटीवर चढण्याआधी करून घ्या. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात नायट्रोजन ७९ ऐवजी ६८ टक्के असतो, पण ऑक्सिजनच्या दाबाला असलेल्या १.४ बारच्या मर्यादेने त्याची खोली साधारण ३३ मीटरवर संपते. प्रत्येक सिलिंडरमधला ऑक्सिजन स्वतः मोजा, स्वतः सही करा, मोजताना कंटाळू नका. आणि नायट्रॉक्समुळे मिळालेली सवलत जास्त वेळ खाली राहण्यात उडवू नका, अंगातला नायट्रोजन कमी ठेवायला वापरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारची एखादी डायव्ह सोडून झोप काढा. अनुभवी लोक हमखास असं करतात, नवखे "पैसे भरलेत" म्हणून सगळ्या करतात आणि थकवा नेमका त्यांनाच गाठतो.

सफर बुडवणारा सर्वांत मोठा शत्रू मात्र कान आहे. सतत ओला राहणारा कान आतून सुजतो आणि दुखणं सुरू झालं की औषधाने दुसऱ्या दिवशी बरं होत नाही. प्रत्येक डायव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुवून कोरडे करा, आणि कान वाळवणारे थेंब आधीच डॉक्टरांना विचारून आणा. पडद्याला भोक असेल तर ते चालत नाहीत. कापसाची काडी कानात घालू नका.

बोट लागते का हे माहीत नसेल तर लागते असं धरून चला. गोळी समुद्र खवळल्यावर घेऊन फायदा नसतो, निघण्याआधी घ्यावी लागते. आणि कुठलीही गोळी पहिल्यांदा जमिनीवर घेऊन बघा, किती गुंगी येते ते कळतं. कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीने काहींना तोंड कोरडं पडतं, धूसर दिसतं. तसं झालं तर त्या अवस्थेत डायव्ह करू नका. पाणी भरपूर प्या. उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालेल्या माणसाने डायव्ह करणं डीकम्प्रेशनच्या दृष्टीने वाईट.

चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडली असेल तर हृदयाची तपासणी करूनच जा. वैद्यकीय प्रश्नावलीत "नाही, नाही" अशा खुणा करून सही ठोकू नका. विमा घेताना रिकम्प्रेशन चेंबरचा खर्च आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च दोन्ही त्यात आहेत ना ते शब्दशः वाचा, आणि तुमच्या सर्टिफिकेटपेक्षा खोल गेलात तर विमा चालतो का तेही.

आता नेमकं काय करायचं ते. येत्या काही महिन्यांत अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर आणि नायट्रॉक्स करा, प्रवाहात बोटीवरून काही डायव्ह करा, आणि प्रत्येक डायव्हच्या शेवटी, गरज नसली तरी, फुगा सोडा. मग मालदीव किंवा सिमिलानची आठवड्याची सफर. तिथून परतल्यावर पाण्यात तुमचं लक्ष उपकरणांवर कमी आणि माशांवर जास्त जात असेल, तर राजा अम्पात. कोकोससाठी त्यानंतर मला पुन्हा लिहा, बोट आणि महिना दोन्ही आपण बसून ठरवू.

आणि पहिल्या सफरीचं तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. सलग दिवसांच्या डायव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जायला हवेत अशी शिफारस आहे. मी २४ तास धरतो. शेवटच्या सकाळी "विमानाला वेळ आहे, अजून एक होऊन जाऊ द्या" असं बोटीवर कुणीतरी म्हणतंच. परतीचं विमान बोट सोडल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाचं घ्या आणि शेवटची डायव्ह आधीच्या दुपारीच संपवा.